करवंदाची जाळी : काटा, रंग आणि कुंपण

मे महिन्यात सिंहगडाच्या पायथ्याशी, भोर, वेल्हे आणि मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला आणि पुण्याच्या मंडईतही पानांच्या द्रोणांतून जी करवंदे विकायला येतात, ती बाहेरून सारखीच काळीभोर दिसतात. परंतु फळ फोडले की एकाचा गर गडद लाल निघतो, तर दुसऱ्याचा पांढरट किंवा फिकट गुलाबी. लाल गराचा तो ‘कोंबडा’ आणि पांढऱ्या गराची ती ‘कोंबडी’, अशी पैज लावून करवंदे खाण्याचा मुलांचा खेळ महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. मात्र एकाच डोंगरावरच्या, एकाच दिवशी तोडलेल्या आणि वरून सारख्याच दिसणाऱ्या फळांमध्ये हा फरक कशामुळे पडतो, याचा विचार खेळाच्या भरात सहसा होत नाही. त्याच जोडीने दुसराही प्रश्न उभा राहतो. पावसाचा शेवटचा शिडकावा होऊन कित्येक महिने लोटलेले असतात, डोंगरउतारावरचे गवत वाळून गेलेले असते, बहुतेक झाडे निष्पर्ण किंवा मरगळलेली असतात, आणि अशा वेळी खडकाच्या फटीत उभे असलेले हे झुडूप हिरवेगार राहून रसाळ फळांनी लगडते, ते कोणत्या बळावर?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे करवंदाच्या शरीररचनेत आणि जीवनक्रमात सापडतात. ती समजून घेतली, की हे झुडूप केवळ उन्हाळ्यातील रानमेवा म्हणून नव्हे, तर पुण्यासारख्या टेकड्यांच्या शहराने जाणीवपूर्वक लावावे अशी वनस्पती म्हणून ध्यानात येऊ लागते.

कण्हेरीच्या कुळातले झुडूप

करवंद हे सदाहरित, काटेरी आणि बहुधा दीड ते तीन मीटर उंच वाढणारे झुडूप असून आधार मिळाल्यास त्याच्या फांद्या शेजारच्या झाडावर चढतात. त्याची पाने समोरासमोर जोडीने येतात, ती जाड, चिवट व वरच्या बाजूने चकचकीत असतात, आणि पान किंवा कोवळी फांदी तोडताच पांढरा चीक बाहेर येतो. हा चीकच त्याच्या कुळाची ओळख पटवतो, कारण कण्हेर, चाफा, तगर, सदाफुली, सातवीण आणि रुई या सर्व चिकाळ वनस्पती करवंदाच्याच कुळातील आहेत. पुणे येथील कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात करवंदाची नोंद आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला कॅरिसा कॅरंडास म्हणतात. सह्याद्रीतील रानटी करवंदाला काही अभ्यासक कॅरिसा कंजेस्टा असे वेगळे नाव देतात, तर काही जण हे प्रकार एकाच जातीत धरतात. लागवड करणाऱ्याला या मतभेदाने काही अडत नाही.

या कुळात विषारी वनस्पती पुष्कळ आहेत, हे मात्र विसरून चालत नाही. कण्हेरीचे विष सर्वांना ठाऊक असते. पूर्व आफ्रिकेत बाणाच्या टोकाला लावण्याचे जहाल विष ज्या ॲकोकँथेरा नावाच्या झुडपापासून काढले जाई, तेही करवंदाचे जवळचे नातेवाईक आहे. करवंदाचे पिकलेले फळ निर्धोकपणे खाल्ले जाते आणि कच्चे फळ मिठाच्या पाण्यात ठेवून, शिजवून किंवा मुरवून वापरले जाते; परंतु मुळांमध्ये हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असल्यामुळे मुळांचे घरगुती काढे करण्याचा प्रयोग कोणी करू नये.

काटा म्हणजे फांदीचे टोक

करवंदाच्या झुडपाला महाराष्ट्रात झाड न म्हणता जाळी म्हणतात, आणि ही जाळी विणली जाते ती काट्यामुळे. सर्व वनस्पतींचे काटे एकाच जातीचे नसतात. गुलाबाचा काटा हा सालीवरचा उंचवटा असतो, म्हणून अंगठ्याने बाजूला दाबला की तो सहज निखळून येतो. बाभळीचा काटा पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांपासून, म्हणजे पानाच्या तळाशी येणाऱ्या लहान पानासारख्या अवयवांपासून बनतो. करवंदाचा काटा मात्र खोडाचाच भाग असतो. त्याच्या आत लाकूड असते आणि अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नलिका असतात, त्यामुळे तो निखळत नाही, मोडावा लागतो.

हा काटा तयार होतो तो फांदीच्या शेंड्यावर. सामान्यतः झाडाची फांदी तिच्या टोकाच्या कळीमुळे लांबत जाते, आणि ही टोकाची कळी वाढीचे नियमन करणारी द्रव्ये खाली पाठवून बाजूच्या कळ्यांना दबून राहायला लावते. करवंदात थोडी वाढ झाल्यावर टोकाच्या कळीचेच रूपांतर काट्यांत होते, बहुधा जोडकाट्यांत, आणि त्या फांदीची पुढची वाढ तिथेच खुंटते. टोकाचा अंमल संपल्यामुळे त्याच्या लगत खाली असलेल्या दोन समोरासमोरच्या पानांच्या बगलेतील कळ्या मोकळ्या होतात आणि एका फांदीच्या जागी दोन फांद्या दोन दिशांना निघतात. डोंगरातली पायवाट मोठ्या खडकापाशी येऊन अडावी आणि माणसांच्या वर्दळीने खडकाच्या दोन्ही अंगांनी दोन वाटा पडाव्यात, तसाच हा प्रकार आहे. काही काळाने या दोन्ही फांद्यांचे शेंडेही काट्यांत संपतात, त्यांच्या चार होतात, चारांच्या आठ होतात, आणि प्रत्येक फाट्यावर एक काट्यांची जोडी पहाऱ्याला बसलेली असते.

म्हणजे करवंदाचे काटे झुडपाचे रक्षण तर करतातच, पण त्याला दाट करण्याचे कामही तेच करतात. इतर झुडपांचे कुंपण दाट व्हावे म्हणून माळी कात्रीने शेंडे खुडतो. करवंद आपले शेंडे स्वतःच संपवते. जनावर काही पाने खाऊ शकते, पण जाळीच्या आत तोंड घालू शकत नाही, आणि यातच सह्याद्रीच्या रानाचे एक मोठे रहस्य दडलेले आहे. जिथे शेळ्या-मेंढ्यांची चराई भरपूर असते, तिथे उघड्यावर उगवलेले कोवळे रोप जगणे कठीण असते. जाळीच्या पोटात पडलेल्या बीला मात्र सावली, पालापाचोळ्याचे खत आणि काट्यांचे संरक्षण एकदमच मिळते. ते रोप जाळीच्या आडोशाने वाढते आणि एके दिवशी तिच्या माथ्यावरून बाहेर डोकावते. डोंगरउतारावर करवंदाच्या जाळीच्या बरोबर मधून एखादे मोठे झाड वर आलेले दिसते, ते बहुधा याच मार्गाने वाढलेले असते. वनीकरणासाठी तारेचे कुंपण घालून जे साधावे लागते, ते जाळी फुकट करते.

उन्हाळ्यातला हिरवेपणा

सदाहरित म्हणजे ज्याची पाने कधीच गळत नाहीत असे झाड नव्हे. ज्याची सर्व पाने एकाच वेळी गळत नाहीत, जुनी पाने थोडीथोडी गळत असताना नवी येत राहतात, ते सदाहरित. पुण्याभोवतीच्या कोरड्या डोंगरांवर पाण्याच्या टंचाईला तोंड देण्याच्या दोन रीती दिसतात. साग, सालई, पांगारा यांसारखी झाडे पाऊस संपल्यावर पाने टाकून देतात, म्हणजे पानांवाटे होणारा पाण्याचा खर्चच बंद करतात. करवंदाने दुसरी रीत स्वीकारली आहे: पान मुळातच असे घडवायचे की त्यातून पाणी कमी जाईल, आणि मग ते दीर्घकाळ टिकवायचे. त्याच्या पानावर मेणासारख्या द्रव्याचा जाड थर असतो. पानाला असलेली सूक्ष्म छिद्रे, ज्यांना पर्णरंध्रे म्हणतात, ती हवा आत घेण्यासाठी उघडावी लागतात आणि तेव्हाच पाणी वाफ होऊन निसटते. ऊन चढल्यावर ती मिटली, की मेणाच्या थरातून फारसे पाणी बाहेर पडू शकत नाही.

असे जाड पान बनवायला झाडाला जास्त अन्नद्रव्ये खर्च करावी लागतात, आणि म्हणून ते एका हंगामात टाकून देणे परवडत नाही. ज्या कातळावर मातीचा थर वीतभरही नसतो, तिथे दरवर्षी सगळी पाने नव्याने करण्यापेक्षा तीच पाने जपणे अधिक किफायतशीर ठरते. पाण्याची बाजू सांभाळतात ती मुळे. दख्खनचा काळा पाषाण वरून अभंग दिसला तरी त्यात भेगा असतात, आणि त्याखालच्या मुरमात पावसाळ्यातली ओल पुष्कळ दिवस टिकते. करवंदाची मुळे या भेगांतून खोल उतरतात. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर जेमतेम पन्नास किलोमीटर पश्चिमेला ताम्हिणीच्या परिसरात त्याच्या कित्येक पट. करवंद मात्र या दोन्ही टोकांना आणि मधल्या सर्व पट्ट्यात सारख्याच सहजतेने वाढते.

फळातला रसही याच हिशेबातून आलेला असतो. जानेवारी-फेब्रुवारीपासून फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या, सुगंधी, पाच पाकळ्यांच्या फुलांचे झुबके येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये हिरवी फळे वाढत असतात. या फळांत साखर आणि आम्ल साठत जाते, आणि विरघळलेल्या द्रव्यांचे प्रमाण जिकडे जास्त तिकडे पाणी ओढले जाते या नियमाने फांदीतले पाणी फळाकडे जाते. फळाची साल तुकतुकीत आणि मेणचट असल्याने आत आलेले पाणी सहजासहजी उडून जात नाही.

कोंबडा आणि कोंबडी

आता रंगाचा प्रश्न. करवंद कच्चे असताना हिरवे, पुढे लालसर आणि पिकल्यावर जांभळट काळे होते. हा काळेपणा अँथोसायनिन या गटातील रंगद्रव्यांचा आहे. जांभूळ, काळी द्राक्षे आणि जांभळा कोबी यांना रंग देणारी द्रव्येही याच गटातील आहेत. ती पाण्यात विरघळतात, आम्लात लाल दिसतात आणि क्षाराच्या संपर्कात निळसर होतात, म्हणूनच करवंदाच्या रसाचा कपड्यावरचा लाल डाग साबण लागताच रंग पालटतो.

फळाच्या सालीत हे रंगद्रव्य भरपूर साठते, त्यामुळे सगळी पिकलेली करवंदे वरून काळी दिसतात. गरात ते किती साठावे हे मात्र दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट पिकण्याच्या अवस्थेची: साल आधी रंगते आणि गर मागाहून, त्यामुळे एकाच जाळीवरची दोन फळे वरून काळी असूनही आतून वेगळी निघू शकतात. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट आनुवंशिकतेची. काही जाळ्यांच्या फळांचा गर पूर्ण पिकल्यावरही फिकटच राहतो, कारण गरात रंगद्रव्य तयार करण्याची त्यांची क्षमताच कमी असते. रानातली प्रत्येक जाळी बीपासून उगवलेली असते, फुलांमध्ये परागांची देवाणघेवाण एका झुडपावरून दुसऱ्यावर कीटकांकरवी होते, आणि म्हणून सख्ख्या भावंडांप्रमाणे शेजारशेजारच्या जाळ्याही एकमेकींहून भिन्न असतात. विक्रेतीच्या पाटीत निरनिराळ्या जाळ्यांची फळे एकत्र झालेली असतात. मुलांची कोंबडा-कोंबडीची पैज ही खरे पाहता रानातील आनुवंशिक विविधतेवर लावलेली पैज असते.

बागायतीच्या दृष्टीने हीच विविधता कधी अडचण ठरते, तर कधी भांडवल. एखाद्या जाळीची फळे विशेष मोठी व गोड निघाली, तरी तिच्या बीपासून तशीच जाळी येईल याची खात्री देता येत नाही. तेच गुण हवे असतील तर फांदीपासून, म्हणजे गुटी किंवा छाट कलमाने रोप करावे लागते. दुसरीकडे, रानातल्या असंख्य भिन्न जाळ्यांमधूनच चांगल्या जाती निवडता येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची मोठ्या फळांची ‘कोकण बोल्ड’ आणि उत्तराखंडातील पंतनगर कृषी विद्यापीठाच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ व ‘पंत सुवर्णा’ या जाती प्रसिद्ध आहेत.

पावसाशी साधलेली वेळ

करवंदे मे महिन्यातच का पिकतात, याचे उत्तर बीमध्ये आहे. धान्याचे बी वाळवून वर्षभर ठेवता येते. करवंदाचे बी वाळले की त्याची उगवणशक्ती लवकर नाहीशी होते. असे बी ऑक्टोबरात जमिनीवर पडले तर पुढचे आठ महिने त्याला पाणी मिळणार नाही. मेच्या उत्तरार्धात किंवा जूनच्या आरंभी पडलेल्या बीला मात्र काही दिवसांतच पावसाची ओल मिळते आणि रोपाला मुळे खोल नेण्यासाठी अख्खा पावसाळा मिळतो. फुले हिवाळा सरताना आणि फळे वळवाच्या पावसाच्या सुमारास, हा क्रम या गरजेशी जुळलेला आहे.

बी दूरवर नेण्याचे काम बुलबुल, कोकीळ यांसारखे पक्षी आणि उदमांजरासारखे प्राणी करतात; फळाचा गडद रंग आणि गोडी ही त्यांना दिलेली मजुरी होय. पक्षी जाळीत विसाव्याला बसतात तेव्हा इतर झाडांच्या बियाही तिथे पडतात, आणि वर सांगितलेली जाळीच्या पोटातली रोपवाटिका अशी भरत जाते. पाने काही कीटकांच्या अळ्यांनाही पोसतात. काळपट तपकिरी पंखांचे, पुण्यातील बागांत सर्रास दिसणारे कॉमन क्रो हे फुलपाखरू करवंदावरही अंडी घालते.

कुंपणाचा इतिहास

काटेरी झाडीचे संरक्षणमूल्य महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांना फार पूर्वीच उमगले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात गडाभोवतीची झाडी ही गडाची राखणच मानली आहे, ती प्रयत्नपूर्वक वाढवावी आणि तिच्यातली एक काठीही तोडू देऊ नये, असे बजावले आहे. सह्याद्रीच्या गडांच्या उतारांवर आजही करवंदाच्या जाळ्या दाटलेल्या आढळतात, आणि वाट सोडून त्यांतून चढू पाहणाऱ्याला त्या आज्ञेमागचा अनुभव लगेच कळतो.

करवंदाचा सर्वांत प्रचंड प्रमाणावरचा उपयोग मात्र दुःखद कारणासाठी झाला. इंग्रज सरकारने मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून एकोणिसाव्या शतकात पंजाबपासून मध्य भारतातून ओडिशाच्या दिशेने जी जकातीची सरहद्द आखली, तिच्या मोठ्या भागावर जिवंत काटेरी कुंपण उभारले होते. बाभूळ, बोर, निवडुंग, थोर यांच्याबरोबर त्यात करवंदही लावलेले होते, आणि जिथे माती निकृष्ट होती तिथे ते वाढवण्यासाठी फार मोठी मेहनत घेतली गेली. हे कुंपण वाढवण्यात पुढाकार घेणारे जकात आयुक्त ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हेच पुढे राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक झाले. जकातीची ती सरहद्द १८७९ मध्ये मोडीत निघाली आणि कुंपण नामशेष झाले. त्याचा विसर इतका पडला, की रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाने त्याचा शोध घेऊन २००१ साली पुस्तक लिहिले, तेव्हा अनेक जाणकारांनाही ती नवी माहिती वाटली. माणसाला अडवण्यासाठी वापरलेले हे कुंपण रान वाचवण्यासाठी वापरावे, हा त्या इतिहासाचा अधिक चांगला उपयोग ठरेल.

| पुण्यात करवंदाचे कुंपण लावताना |
|---|
| जागा : भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा या दोनच अटी. मुरमाड, खडकाळ, हलकी जमीन चालते. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत मुळे कुजतात. मुलांच्या खेळण्याच्या जागेला आणि अरुंद पायवाटेला लागून लावू नये. |
| रोप : पिकलेल्या फळातील बी धुऊन, न वाळवता लगेच पिशवीत पेरावे. रोप सावकाश वाढते, त्यामुळे वर्षभर पिशवीत सांभाळून पुढच्या पावसाळ्याच्या आरंभी जमिनीत लावावे. रानातील जाळ्या उपटून आणू नयेत. त्या क्वचितच जगतात. |
| अंतर : कुंपणासाठी दोन रोपांत सुमारे दोन फूट, दोन ओळी लावल्यास दुसरी ओळ पहिलीच्या मोकळ्या जागांसमोर यावी. फळांसाठी वेगळी झुडपे लावायची असल्यास सहा ते दहा फूट. |
| पाणी : पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात बेताने द्यावे. पुढे फार पाणी दिल्यास फांद्या माजतात आणि फळ कमी धरते. |
| छाटणी : फळे संपल्यावर, जून-जुलैमध्ये. |

छाटणीच्या वेळेबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण सोसायट्यांच्या आवारात करवंद लावूनही फळे येत नाहीत, याचे कारण बहुधा तिथेच असते. करवंदाची फुले फांद्यांच्या टोकांना येतात. दिवाळीनंतर आवार नीटनेटके करण्याच्या हेतूने कुंपणाचे शेंडे एका रेषेत कापले, की फुले धरणारी टोकेच कापली जातात आणि मे महिन्यात हिरव्या भिंतीखेरीज काही उरत नाही. पावसाच्या सुरुवातीला छाटल्यास नव्या फांद्यांना वाढून पक्व होण्यासाठी सहा-सात महिने मिळतात आणि पुढचा बहर अबाधित राहतो. काही बागांत करवंदाऐवजी त्याची दक्षिण आफ्रिकी बहीण, मोठ्या पांढऱ्या फुलांची आणि लाल फळांची नेटाल प्लम, शोभेसाठी लावलेली असते; ती सुंदर आहे, परंतु पुण्याच्या मातीत मुळातच असलेले झुडूप हाताशी असताना परदेशी झुडपाची निवड करण्याचे सबळ कारण दिसत नाही.

स्वयंपाकघरातील करवंद

करवंदाचा आंबटपणा भारतीय परंपरेत फार पूर्वीपासून मानाचा आहे. चरकसंहितेत मनाला रुचणाऱ्या म्हणून एकत्र केलेल्या दहा आंबट द्रव्यांत आंबा, कोकम, बोर, डाळिंब आणि महाळुंग यांच्या पंक्तीला करमर्द, म्हणजे करवंद, बसवलेले आहे. घरोघरी कच्च्या करवंदांचे लोणचे आणि चटणी होते, पिकलेल्यांचे सरबत व मुरंबा होतो, आणि कैरी नसेल तिथे आमटीला आंबटपणा देण्यासाठीही दोन-चार कच्ची करवंदे ठेचून टाकली जातात. कच्चे फळ कापताना चीक हाताला व विळीला चिकटतो, म्हणून आधी तेलाचा हात लावतात, आणि चिरलेली किंवा ठेचलेली फळे काही वेळ मिठाच्या पाण्यात ठेवतात. चीक पाण्यात उतरून गोठतो आणि तुरटपणा कमी होतो. फळ जात्याच आम्लयुक्त असल्याने पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात ते शिजवू वा साठवू नये.

जेली हा या फळाचा खास गुण दाखवणारा पदार्थ होय. फळांच्या पेशींच्या भिंती एकमेकींना जोडून ठेवणारा पेक्टिन नावाचा एक लांब साखळ्यांचा पदार्थ असतो. पाण्यात सुटलेल्या पेक्टिनच्या साखळ्या विद्युतभारामुळे एकमेकींपासून दूर राहतात. आम्ल हा भार कमी करते, साखर त्यांच्याभोवतीचे पाणी आपल्याकडे ओढून घेते, आणि मग साखळ्या जागोजाग एकमेकींत गुंतून पाण्याला धरून ठेवणारे जाळे बनते. पेक्टिन, आम्ल आणि साखर या तिघांचा मेळ बसला तरच जेली जमते. कच्च्या करवंदात पेक्टिन आणि आम्ल दोन्ही भरपूर असतात. फळ पिकू लागले की ते मऊ होण्यासाठी पेक्टिनच्याच साखळ्या तुटतात आणि रंग व गोडी मात्र वाढते. म्हणून अनुभवी हात निव्वळ पिकलेली फळे न घेता त्यांत लालसर, अर्धकच्ची फळे मिसळतात: कच्ची फळे जेली घट्ट करतात आणि पिकलेली तिला रंग देतात. फळे थोड्या पाण्यात मऊ होईतो उकळून, न पिळता फडक्यातून निथळलेल्या एक वाटी रसाला साधारण पाऊण वाटी साखर पुरते. मिश्रणात साखरेचे प्रमाण वजनाने सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत पोचले, की थंड बशीवर टाकलेला थेंब बोटाने सरकवल्यावर सुरकुततो. हीच थांबण्याची खूण. कैरी किंवा पेरू यांच्याप्रमाणेच करवंदाला बाहेरचे पेक्टिन घालावे लागत नाही.

बेकऱ्यांमध्ये केकवर आणि आइस्क्रीमवर लावल्या जाणाऱ्या लालचुटूक ‘चेरी’पैकी बऱ्याच प्रत्यक्षात करवंदेच असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. कच्ची करवंदे खारवून टिकवतात, त्यांचा नैसर्गिक रंग घालवतात, बिया काढतात, वरून लाल खाद्यरंग देतात आणि मग साखरेच्या पाकात मुरवतात. पाक एकदम दाट वापरला तर फळातले पाणी वेगाने बाहेर ओढले जाऊन ते आक्रसते; म्हणून आधी पातळ पाकात ठेवून रोज पाक थोडाथोडा दाट करत नेतात, म्हणजे पाणी बाहेर जाताना साखरही आत शिरत राहते आणि फळ टवटवीत राहते. चेरी थंड हवेच्या प्रदेशात पिकते आणि महाग असते, तर करवंद आकाराने तिच्याएवढे, कणखर आणि स्वस्त. या कामासाठी ते निवडले गेले यात नवल नाही, फक्त त्याचे नाव वेष्टनावर ठळकपणे असायला हवे.

जाळी टिकवायची असेल तर

पुण्याच्या टेकड्यांवरील वनीकरणात ग्लिरिसिडियासारखी, मूळची मध्य अमेरिकेतील, झटपट वाढणारी झाडे मोठ्या प्रमाणावर लावली गेली. ती लवकर हिरवी दिसतात, पण त्यांच्याखाली देशी झुडपांची दाटी आणि पक्ष्यांचे अन्न यांची वाण राहते. टेकड्यांच्या उतारांवर करवंदाच्या जाळ्या वाढवल्या, तर त्या माती धरतील, पक्षी आणतील आणि त्यांच्या आश्रयाने इतर देशी झाडेही वर येतील. हे काम सावकाश होईल, पण त्याला पुन्हा पुन्हा खर्च लागणार नाही.

या जाळ्यांचा सर्वांत मोठा शत्रू वणवा आहे. पुढच्या वर्षी गवत चांगले येते या समजुतीने फेब्रुवारी ते मे या महिन्यांत डोंगरांना आगी लावल्या जातात, आणि हा काळ करवंदाच्या नेमक्या फुलण्या-फळण्याचा असतो. जळालेली जाळी बुंध्यातून पुन्हा फुटते, कारण जमिनीलगतच्या कळ्या वाचतात, परंतु त्या वर्षीचे फळ जाते, तिच्या पोटातली कोवळी झाडे मरतात, आणि वर्षानुवर्षे आग लागत राहिली तर बुंधाही थकतो. हे नुकसान झाडांपुरते राहत नाही. कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबांतील स्त्रिया पहाटे डोंगरात जाऊन, काट्यांतून हात घालून एकेक फळ वेचतात आणि शहरात विकतात. शेतीची कामे नसलेल्या त्या महिन्यांत हा पैसा त्यांना मोलाचा असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा गौण वनोपजावर, म्हणजे लाकडाखेरीजच्या रानातील उत्पन्नावर, वननिवासी समाजांचा मालकी हक्क मान्य केलेला आहे.

त्यामुळे डोंगरावर धूर दिसताच वनविभागाला कळवावे, करवंदे वेचणाऱ्या स्त्रियांकडूनच घ्यावीत आणि घासाघीस न करता घ्यावीत, फळे खाऊन झाल्यावर बिया केरात न टाकता धुऊन त्याच आठवड्यात पेराव्यात, आणि पुढच्या जूनमध्ये ती रोपे सोसायटीच्या तारेच्या कुंपणालगत लावावीत.